पांढरीतलं लेकरू

त्या जागेवर नकाशात मी स्वतः लिहिलं होतं, 'उंचवटा, भरावासाठी माती उपलब्ध'. अक्षर माझं, शाई माझी, खाली सहीही माझीच. त्यामुळे पुढचं सगळं सांगताना दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही, आणि याचाच मला अजून राग येतो. तसा मला राग लवकरच येतो. वय झाल्यावर तो कमी झाला असं घरचे म्हणतात, पण राग आहे तेवढाच आहे, फक्त ओरडायचा कंटाळा येतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी पुण्याहून ओव्हरसियरचा कोर्स करून नुकताच नोकरीला लागलो होतो. घर बारामतीला, आणि काम बारामती-इंदापूर भागातल्या एका बाजारगावात. कालव्याच्या पाण्यानं गाव भराभर वाढलं होतं. आठवड्याचा बाजार भर रस्त्यात भरायचा. वांग्या-मिरच्यांच्या पाट्या, केळीचे घड, गुळाच्या ढेपा, आणि या सगळ्यातून एसटी हॉर्न वाजवत वाट काढायची. एका बाजारी एक म्हातारी चाकाखाली जाता जाता वाचली, तेव्हा सरपंचांनी वर अर्ज केला की गावाला नवी पेठ, आखीव रस्ते आणि वेगळा बाजारतळ पाहिजे. खात्यानं आखणीला मला पाठवलं. पंचविशीतल्या माणसाच्या हातात अख्खी पेठ दिली की तो थोडा चढतोच. मीही चढलो होतो. सकाळी साखळी आणि झेंडे घेऊन निघायचो, आणि कुठली गल्ली किती फुटांची हे मी ठरवणार म्हणून गावातून जरा छाती काढून चालायचो.

गावाच्या पूर्वेला, नीरेच्या अंगाला, पांढर होती. पांढर म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या वस्तीचं टेकाड. तिथली माती राखेसारखी पांढुरकी असते. तेव्हा तिकडची बहुतेक घरं मातीच्या सपाट छपराची, धाब्याची होती, आणि पावसाच्या आधी धाब्यावर पांढऱ्या मातीचा थर दिला नाही तर घर गळायचं. ही माती सगळं गाव पिढ्यानपिढ्या त्याच टेकाडातून आणत आलं होतं. त्यामुळे टेकाडाची एक बाजू सरळ उभी कापल्यासारखी झाली होती. मातीत खापरं निघतात, हाडं निघतात, हे कुणाला नवं नव्हतं. खापर निघालं की बाजूला भिरकवायचं आणि पाटी भरायची, इतकंच. बाजारतळासाठी धरलेली जमीन खोलगट होती, तिला भराव लागणार होता, आणि पांढर तर शेजारीच. पांढर सपाट केली की तिच्या जागेवर दुकानांची एक ओळही बसत होती. मी खूश होऊन ते वाक्य लिहिलं.

काम सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांनी पाटीतून घरंगळलेलं एक खापर माझ्या बुटाशी आलं. लाल, गुळगुळीत, आणि त्यावर काळ्या रंगाच्या बारीक आडव्या रेघा. मी ते उचललं आणि ओळखलं. पुण्यात शिकताना मित्राच्या नादानं मी एका व्याख्यानाला गेलो होतो. भिंतीवर चित्रं पाडून एक संशोधक अगदी असलीच खापरं दाखवत होते आणि सांगत होते की आपल्या नदीकाठांवर हजारो वर्षांपूर्वी शेती करणारी माणसं राहत होती, त्यांची ही भांडी. तेव्हा मी अर्धा वेळ डुलक्या घेतल्या होत्या. आता मात्र त्या उभ्या कापलेल्या बाजूकडे पाहिलं आणि एकावर एक थर दिसायला लागले. राखेचा काळा पट्टा, चोपलेल्या जमिनीची पिवळट रेघ, परत राख. लोक राहत होते तिथे. मी त्यांची घरं फोडून बाजारतळाचा खड्डा भरत होतो.

साहेबांना लिहिलं. उत्तर आलं की खापरं सगळीकडेच सापडतात. तज्ज्ञांचा लेखी अभिप्राय आणलात तर जागा बदलण्याचा विचार करू, तोपर्यंत काम चालू ठेवा. पुण्याच्या त्या संशोधकांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की नुसत्या खापरांवर मला काही लिहून देता येणार नाही. चूल, पुरलेलं भांडं असं काही जागच्या जागी मिळालं तर हलवू नका, तार करा. सरपंचांकडे गेलो. त्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही आबाच म्हणायचो. मी त्यांना सुचवलं की बाजार पश्चिमेच्या माळावर न्या, भराव लागायचाच नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माळ लांब पडतो गावाला," ते म्हणाले. "पर तुमी वरनं कागद आना. कागद आला तर आमी न्हाय म्हननार न्हाय. कागद न्हाय आला तर मातर पांढर जानार, ह्ये ध्येनात ठिवा."

म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. जागेवर काहीतरी सापडलं पाहिजे, ते पुण्याच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, आणि हे सगळं टेकाड संपायच्या आत झालं पाहिजे. टोळी जोरात होती. ज्या वेगानं ती माती काढत होती, त्या वेगानं फार तर आठवडाभरात पांढर संपणार होती. मी रोज कुदळीमागे उभा राहायचो. ठेकेदाराचा मुकादम, त्याला सगळे तात्या म्हणत, मला पाहून हसायचा. "सायेब, माती पळून जात न्हाय," म्हणायचा. मी त्याच्यावर दोनदा खेकसलो आणि दोनदा मनातल्या मनात माफी मागितली.

आबांकडून आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारच्या भाकरीआधी टोळीतल्या एका बाईनं हाक मारली. तिशीच्या आतबाहेरची, काळीसावळी, कमी बोलणारी. घरची मेंढरं होती, ती गेली, आता नवरा उसाच्या बैलगाडीवर आणि ही मातीकामाला. बाकीच्या बाया तिला आक्का म्हणायच्या. तिच्या खोऱ्याला काहीतरी लागलं होतं. मी धावत गेलो. दोन मोठी करड्या रंगाची गाडगी, तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली. तात्याही आला, आणि त्याचे डोळे चमकले.

"हंडा हाय, सायेब. तोंडं लावून पुरल्यात म्हंजी आत ऐवज हाय." त्यानं कुदळ घेतली.

"तात्या, कुदळ खाली ठेवा."

"सायेब, बाजूला व्हा."

मी बाजूला झालो नाही. गाडग्यांवर पाय फाकून उभा राहिलो. कुदळ त्याच्या खांद्यावर होती आणि टोळीतले दोन-तीन बाप्ये त्याच्या बाजूला येऊन थांबले होते. ऐवजाचं नाव निघालं की माणसांचे चेहरे कसे होतात ते मी तेव्हा जवळून पाहिलं, आणि मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी खाली वाकलो. दोन्ही तोंडांच्या मधे बोटभर फट होती. आत उन्हाची तिरीप गेली तेव्हा मला बारीक बारीक हाडं दिसली, आणि अंड्याच्या टरफलासारखा पातळ कवटीचा तुकडा. व्याख्यानातलं एक चित्र आठवलं. जुन्या काळी तान्ही मुलं दगावली की अशीच दोन गाडग्यांत घालून घरातल्या जमिनीखाली पुरत.

"ऐवज नाही," मी म्हणालो. "लेकरू आहे आत. तान्हं लेकरू."

तात्यानं वाकून पाहिलं आणि कुदळ खाली ठेवली. बायांनी पाट्या ठेवल्या. आक्का गाडग्यांजवळ बसली आणि तिनं पदर पुढे ओढला. त्या दिवशी मग कुणी तिथं खोरं लावलं नाही, आणि मी मनात म्हटलं, जमलं. लेकराचं नाव घेऊन मी काम थांबवलं याचा मला अभिमान वाटत होता. मी गाडग्यांवर पाटी पालथी घातली, चार खुंट्या ठोकल्या, हात लावायचा नाही असं बजावलं आणि तार करायला एसटीनं बारामतीला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याचं उत्तर खिशात घालून परत आलो. 'उद्या सकाळी पोचतो.' खुंट्या जागेवर होत्या, पाटीही होती. पाटी उचलली तर खाली दोन गोल खळगे. गाडगी नव्हती.

मी ओरडलो. किती ओरडलो ते सांगत नाही. तात्यानं कानावर हात ठेवले आणि बायांकडे मान वळवली. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "सायेब, तुमीच सांगितलं लेकरू हाय. लेकरू उगडं कसं ठिवायचं? नीट घातलं आमी त्येला मातीत. दूध सोडलं, मीठ घातलं, जशी रीत हाय तशी."

"कुठं?"

मी आक्काकडे वळलो, कारण सगळ्या तिच्याकडेच पाहत होत्या.

"तान्ह्या लेकराची जागा सांगायची नसती, सायेब," ती म्हणाली. "करनीवाली मानसं उकरून न्हेत्यात. म्हनून वर खुनंचा दगड ठिवायचा न्हाय, बोलायचं बी न्हाय. आमच्या लेकरांची बी सांगत न्हाय आमी."

म्हातारीनं मग मला बाजूला घेऊन सांगितलं की आक्काची मुलगी माघात गेली, चार महिन्यांची होती. तिला फार बोलू नका. मी नाही बोललो. पण राग उतरला नव्हता. मी 'हात लावायचा नाही' म्हणालो होतो, पण ते मुकादमाला आणि बाप्यांना उद्देशून. बायांकडे मी पाहिलंही नव्हतं. आणि लेकरू आहे हे कळल्यावर त्या आपल्या रीतीप्रमाणे वागणार हे मला, याच भागात वाढलेल्या माणसाला, कळायला हवं होतं. तान्हेपणी गेलेल्या माझ्या धाकट्या भावालाही असंच नेलं होतं. त्याची जागा आईनं आम्हाला कधी सांगितली नाही.

सकाळी संशोधक आले. बारीक चणीचे, डोक्यावर हॅट, हातात ब्रश आणि टेप. त्यांनी खळगे पाहिले, आजूबाजूची माती बोटानं चोळून पाहिली, आणि खाली बसून राहिले. "जागा अस्सल आहे," ते म्हणाले. "मला कळतंय. पण तुमच्या साहेबांना मी काय लिहू? दोन खळगे होते म्हणून? ते हसतील. गाडगी दाखवा, मी आजच्या आज अभिप्राय लिहितो." त्यांना दुपारच्या एसटीनं निघायचं होतं. शेजारी तात्याची टोळी खोरी टेकून उभी होती, आणि आबा चावडीवरून माणूस पाठवून विचारत होते की काम सुरू करायचं का.

आक्का एवढं मात्र सांगायला तयार झाली की लेकरू कसं होतं. "डोकं भीमेकडं, पाय नीरेकडं," ती म्हणाली. "लेकराच्या हातातल्या बिंदलीएवढी एक वाटी हुती उशाला. ती बी तशीच ठिवली आमी, त्येचीच हाय." संशोधकांनी ते वहीत उतरवलं, उत्तर-दक्षिण असं. त्यांनी तिला दोन-तीन गोष्टी फार अदबीनं विचारल्या आणि ते मापं घ्यायला खळग्यात उतरले.

मी आक्काला निंबाच्या सावलीत नेलं. "जागा दाखव," म्हणालो. "नाहीतर ही सगळी पांढर जाईल. आत अशी आणखी लेकरं असतील, ती कुदळीखाली जातील."

तिनं मान वर केली. "हलवनार न्हाय ना त्येला?"

संशोधक गाडगी पुण्याला नेणार हे मला माहीत होतं. नेल्याशिवाय अभिप्रायाला वजन येणार नाही, हे त्यांनी तासापूर्वीच मला सांगितलं होतं. घड्याळात साडेअकरा झाले होते.

"नाही हलवणार," मी म्हणालो. "बघतील, मापं घेतील आणि परत झाकतील."

"तुमचा सबूद?"

"माझा शब्द."

तिनं नदीच्या बाजूला बाभळीच्या रांगेतली एक जागा हातानं दाखवली, आणि दाखवून मागे वळली. दुसऱ्यांदा तिला ते पाहायचं नव्हतं. ती टोळीत जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

संशोधकांनी आणि मी हळूहळू माती काढली. गाडगी शाबूत होती. संशोधकांचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला. त्यांनी गाडग्याची फट जराशी रुंद केली, आत पाहिलं आणि दोन बोटांनी काहीतरी बाहेर काढलं. दोऱ्यात ओवलेली काळ्या मण्यांची मनगटी होती. तान्ह्या मुलाच्या हातात घालतात ती. दोरा नवाच होता.

"हे आत्ताचं आहे," ते म्हणाले. "कुणीतरी आपलं घातलंय त्यात. ज्याचं त्याला देऊन टाका." आणि त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. मग त्यांनी बरोबर आणलेला कापूस काढला, हाडं कापसात ठेवली, गाडगी गोणपाटात गुंडाळली, आणि सगळं एका लाकडी पेटीत घालून ते दुपारच्या एसटीनं गेले. जाताना चावडीत बसून दोन पानी अभिप्राय लिहून गेले.

तो कागद कामाला आला. साहेबांनी कुरकुर केली, पण माझ्या नकाशावर लाल शाईनं बाजारतळ माळावर हलवला. आबांनी शब्द पाळला. पांढरीभोवती दगड रोवले आणि तिथून माती काढायची बंद झाली. धाब्यांसाठी गावानं दुसरी खाण शोधली, त्यावरून माझ्या नावानं बरीच बोटं मोडली गेली. मला पुण्याहून शाबासकीचं पत्र आलं. ते मी कुणाला दाखवलं नाही.

मनगटी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. दहा दिवस होती. माळावर दगड वेचायला तीच टोळी होती, आक्काही होती. ती रोज समोरून पाटी घेऊन जायची आणि मी रोज खिशाला हात लावून परत काढायचो. मला तिची भीती वाटत होती. तात्याच्या कुदळीची वाटली नव्हती इतकी. ज्याचं त्याला द्यायचं म्हणजे तिला सगळं कळणार.

अकराव्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि हात उघडला.

तिनं मण्यांकडे पाहिलं. घेतले नाहीत. तिच्या शेजारच्या बाया उठून लांब गेल्या. मी म्हणालो, "पुण्याला नेलंय त्याला." आणखी बोलायचं होतं, सगळी पांढर वाचली वगैरे, पण ते मी तिथंच सोडलं.

"मंग अंगावर काय हाय त्येच्या?" तिनं विचारलं.

"कापूस आहे. कापसात गुंडाळून पेटीत ठेवलंय."

तिनं माझी बोटं मिटून मणी माझ्याच मुठीत ठेवले. "ह्ये माज्या पोरीचं हायत. त्येच्या अंगावर काय बी नव्हतं म्हनून घातलं हुतं. परक्या गावाला गेलंय, कायतरी काळं पायजे. तितं धाडून द्या."

त्याच संध्याकाळी मी मणी पाकिटात घालून पुण्याला रजिस्टर केले. सोबत पत्र लिहिलं आणि त्यात प्रथमच सगळं खरं लिहिलं. मी काय कबूल केलं होतं, कुणाला, आणि का. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. 'मणी पोचले. पेटीत लेकराजवळ ठेवले आहेत. यादीत लिहिलेले नाहीत.'

कार्ड घेऊन मी माळावर गेलो आणि आक्काला वाचून दाखवलं. एकदा वाचलं, तिनं परत वाचायला लावलं.

"बरं केलं त्येनी," ती म्हणाली. मग डोक्यावरची चुंबळ नीट करत, आवाज न चढवता म्हणाली, "पन सायेब, पांढर वाचावी म्हनून न्हाय दावली म्या जागा. तुमी सबूद दिला म्हनून दावली."

तिनं पाटी उचलली आणि ती दगडांच्या ढिगाकडे गेली.